स्वमग्न प्रौढांचे दुखणे कोणाच्या हिशेबात?

(भिंगार येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



स्वमग्नता हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एक लहान मूल उभे राहते. शाळा मुलांसाठी, शिबिरे मुलांसाठी, वर्तमानपत्रांतील लेखही मुलांविषयीच. ते मूल पुढे तिशी-चाळिशी गाठते, त्याचे दात किडतात, पोट बिघडते, त्याला फेफरे येते. पण या गोष्टींची नोंद त्याच्या आईपलीकडे सहसा कोणी ठेवीत नाही.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट, २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. आपल्या छोट्या गावातल्या बँकेत त्याने नोकरी केली, मोटार चालविली, देशोदेशी प्रवास केला. हे उदाहरण मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. त्या बँकेच्या मालकांत त्याच्या आईचे घराणे होते, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो!

ज्यांच्या घरची बँक नाही, त्यांचे काय होते? स्वीडनमधील एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या काळात मृत्यू पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सुमारे ५४ होते, इतरांचे ७०. ज्यांना जोडीला बौद्धिक अपंगत्व होते, त्यांचे तर चाळिशीच्या आसपास. आणि त्यांच्या मृत्यूंत अपस्माराचा वाटा मोठा होता. बुद्धीने इतरांसारख्याच असलेल्या स्वमग्न व्यक्तींत आत्महत्येचे प्रमाण विलक्षण अधिक आढळले. उपचाराचा बहुतांश खर्च सरकार उचलते, अशा देशातील हे आकडे आहेत.

असे का व्हावे? स्वमग्नता हा स्वतः जीव घेणारा रोग नव्हे. पण वेदना कोठे होते हे अनेकांना सांगता येत नाही. दाढ दुखते तेव्हा एखादा भिंतीवर डोके आपटतो, एखादा जेवण सोडतो, एखादा शेजारच्यावर हात उगारतो. डॉक्टर ‘हा असाच आहे’ म्हणून शांत करणारे औषध लिहून देतात आणि दाढ तशीच राहते. बद्धकोष्ठ तर या मंडळींत फार आढळते. पोटदुखीने माणूस चिडतो, चिडला म्हणून गोळ्या मिळतात, त्यांतील काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढते आणि वजनही वाढते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. अपस्माराचे झटके पुष्कळदा वयात येताना किंवा त्यानंतर प्रथमच सुरू होतात. बालपण निर्धोक गेले एवढ्यावर घरच्यांनी विसंबून चालत नाही. आणि जे बोलतात, नोकरी करतात, ज्यांचे निदानच झालेले नाही, त्यांत स्त्रिया पुष्कळ. त्यांची निद्रानाश आणि चिंता ही दुखणी तर ‘स्वभाव’ या सदरात जमा होतात.

भिंगारहून शहरातील जिल्हा रुग्णालय दूर नाही. दूर आहे तो रांगेचा शेवट. गर्दीचा कल्लोळ, फिनेलचा वास, परक्या माणसांचा स्पर्श या गोष्टी ज्याला शारीरिक यातनेसारख्या जाणवतात, त्याला दोन तास बाकावर बसविणे म्हणजे उपचार नाकारणेच होय. तो ओरडू लागतो, लोक आईला बोल लावतात, आणि माऊली केसपेपर हातात घेऊन तशीच घरी परतते.

वस्तुतः कायदा तिच्या बाजूचा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम घेतले. २०१६ च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत त्याचा समावेश केला. याच कायद्याचे कलम २५ अपंग व्यक्तीला तपासणीत व उपचारात अग्रक्रम देते. किती रुग्णालयांच्या खिडकीवर हे लिहिलेले आढळेल?

पैशाची बाजू आणखी बोलकी आहे. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन महिना ३०० रुपये. तेही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यालाच. न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते, बाह्यरुग्ण उपचारांसह; पण ती ठाऊक असलेली घरे थोडी. उलट बाजूला, मुलासाठी मजुरी सोडून घरी बसलेल्या आईचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. समाजाचा खर्च वाचतो तो या एका न भरलेल्या रकान्यामुळे.

कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्याला मोर्चाची गरज नाही. अपंगत्वाचा दाखला आणि निरामयचा अर्ज भरून देणे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे घरच्यांसोबत जाणे. सकाळी गर्दी होण्यापूर्वीची वेळ या रुग्णांसाठी राखून ठेवावी, असे निवेदन कलम २५ चा उल्लेख करून रुग्णालयाला देणे. आणि प्रत्येक घरी एक वही. तो काय खातो, किती झोपतो, झटका केव्हा आला, कोणती गोळी चालू आहे, दुखले की तो नेमके काय करतो, हे तिच्यात असावे. आज हे सारे आईच्या डोक्यात आहे, आणि तिलाही साठी उलटली आहे.