सात लठ्ठ गाई, सात हडकुळ्या गाई



बायबलमध्ये योसेफाची गोष्ट आहे. तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगितला. सुटल्यावर तो योसेफाला विसरला. दोन वर्षांनी खुद्द फारोला स्वप्न पडलं: सात हडकुळ्या गाईंनी सात लठ्ठ गाई गिळल्या. योसेफ म्हणाला, उत्तर माझं नव्हे, देवाचं. मग सुचवलं, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा.

भविष्य सांगून तो थांबला नाही. त्याने कोठारं भरली. त्याच धान्यावर त्याला विकणारे भाऊही जगले.

चाळिशी हा आपला सुकाळच. पण धीर, श्रद्धा आणि माणसं यांची कोठारं दुष्काळात भरता येत नाहीत. ती आत्ताच भरूया.