घाटाचा उतार

मुंबई-पुण्याच्या वाटेवर बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो १८३० साली. सहापदरी द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ साली. वाट रुंदावली, वेग वाढला. परंतु घाट तो घाटच राहिला.

थोडे डिझेल वाचावे म्हणून एखादा मालमोटारचालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. मग इंजिनाचा लगाम सुटतो, सारा भार ब्रेकांवर पडतो. ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पुढच्या गाडीत मुलाबाळांसह बसलेल्या प्रवाशाचा यात काय अपराध?

कोंडी फुटावी, अपघात टळावेत म्हणून बोगदे खोदावेत, पूल उभारावेत, दुभाजकाला पोलादी दोर लावावेत. हे सारे हवेच. परंतु उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवण्याचा संयम कोणताही अभियंता बांधून देऊ शकत नाही. तो चालकानेच अंगी बाणवावयाचा असतो.