नाजूक मुलाचा घास

(तिसगाव येथील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकऱ्या यांविषयी बोलावे अशी रीत आहे. आज मी मुलाला भरवण्याविषयी बोलणार आहे. विषय स्वयंपाकघरातला वाटेल. परंतु ज्या घरात एखादे नाजूक प्रकृतीचे मूल आहे, त्या घरातील मंडळींना विचारा. अर्धी वाटी दूध पाजायला तास जातो, त्यातले निम्मे बाहेर पडते, मूल पाठीची कमान करून रडते, आणि शेजारची एखादी बाई म्हणून जाते, "हिला पाजताच येत नाही." हे वाक्य त्या आईच्या मनात वर्षानुवर्षे राहते. ते खरे नाही, एवढे जरी आज आपण सर्वांनी समजून घेतले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी मानीन.

नाजूक मूल म्हणजे कोणते? दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, हृदयाला छिद्र असलेले, टाळू दुभंगलेले, किंवा ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो मेंदूचा विकार झालेले. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका लयीत करावी लागतात. गर्भात साधारण 34 आठवडे पुरे झाल्यावर ही लय बसू लागते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला किंवा स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला ती साधत नाही. यात आईचाही दोष नाही आणि मुलाचा हट्टही नाही.

आता दूध वर येण्याचे कारण पाहू. पूर्वी भिश्ती पखालीचे तोंड आवळून बांधीत. आपल्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला तसाच स्नायूंचा एक आवळ असतो. तान्ह्या बाळात तो वरचेवर सैल पडतो. बाळाचे अन्न पातळ, बाळ बहुधा आडवे, म्हणून दूध वर येते. निरोगी बाळात हे साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त दिसते आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक थांबते. बाळ हसते-खेळते आहे आणि वजन वाढते आहे, तर तिथे औषधाची गरज नाही. चार दुपटी जास्त धुवावी लागतात, इतकेच.

नाजूक मुलाची गोष्ट वेगळी आहे. जठरातील आम्ल पुन्हा पुन्हा वर येऊन अन्ननलिका पोळते. जेवले की दुखते हे मूल शिकते, आणि घास पाहताच तोंड फिरवते. दुसरा धोका याहून मोठा. अन्नाचा थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि छाती भरते. काही मुलांना अशा वेळी खोकलाही येत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. भरवताना डोळ्यांत पाणी येणे, नंतर घशात घरघर, आवाज ओलसर होणे, वर्षातून अनेकदा न्यूमोनिया होणे, या खुणा दिसल्या तर डॉक्टरांना "सर्दी झाली" एवढेच न सांगता "भरवताना असे होते" असे स्पष्ट सांगावे.

आता भरवण्याची रीत. मुलाला आडवे ठेवून चमच्याने किंवा बोंडल्याने दूध ओतू नये. नाक दाबून तोंड उघडायला लावणे तर फारच घातक. मुलाला मांडीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीच्या गुंडाळ्यांचा आधार देऊन बसते करावे. मान मागे पडू देऊ नये, हनुवटी किंचित छातीकडे असावी. आपण त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. चमचा लहान घ्यावा, अर्धाच भरावा. गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा घास द्यावा. अर्ध्या तासात जेवढे गेले तेवढे पुरे. थकलेल्या मुलाच्या घशात घास चुकीच्या वाटेने जातो. तीन वेळा पोट फुगेपर्यंत भरवण्याऐवजी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे द्यावे. जेवणानंतर अर्धा तास तसेच उभट धरावे. लगेच न्हाऊ-माखू घालू नये, झोक्यात टाकू नये, कमरेचा नाडा आवळू नये. बद्धकोष्ठ आणि घरातील विडीचा धूर यांनीही त्रास वाढतो. झोपताना मात्र वर्षाच्या आतील बाळ उताणेच निजवावे. उताणे निजल्याने दूध घशात अडकेल ही भीती आपल्याकडे फार आहे. प्रत्यक्षात पालथे निजवण्यात धोका अधिक आहे.

पहिले सहा महिने आईचे दूध हेच उत्तम. बाळाला ओढता येत नसेल तर दूध काढून डॉक्टर किंवा परिचारिका दाखवतील त्या रीतीने पाजावे. सहा महिन्यांनंतर पुष्कळ नाजूक मुलांना पाण्यासारख्या पातळ अन्नापेक्षा घोटलेली मऊ खिचडी, नाचणीची घट्ट लापशी, कुस्करलेले केळे सोपे जाते. घास लहान असल्याने त्यात बळ जास्त हवे, म्हणून चमचाभर तूप किंवा तेल घालावे. दुधात पाणी वाढवू नये. पण तान्ह्या बाळाचे दूध आपल्या मनाने पीठ घालून घट्टही करू नये. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

काही जुन्या रीतींविषयी बुजुर्गांची माफी मागून बोलतो. न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात आणि घशात तेल सोडतात. हे तेल फुप्फुसात उतरते आणि तिथे राहून न्यूमोनिया करते. मध एक वर्षाच्या आत देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे बाळाला क्वचित पण प्राणघातक विषबाधा होऊ शकते. घुटी, ग्राइप वॉटर यांनी हा आजार बरा होत नाही. आम्ल कमी करणारी औषधे जळजळ कमी करतात, दूध वर येणे थांबवीत नाहीत. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तेच औषध आणण्याची सवय सोडावी.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्यावर सकाळची वाट पाहू नये. हिरवी उलटी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक वेळी पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, श्वास थांबणे, ओठ निळे पडणे, सहा ते आठ तास लघवी न होणे. श्वासही मोजावा, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा अधिक, वर्षाच्या आत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. आपल्याला नगर गाठायचे तर करंजीचा घाट ओलांडावा लागतो. म्हणून उशीर परवडत नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 पासून आहे, तिला बोलवावे.

कधी डॉक्टर नळी सुचवतात. नाकातून जठरात जाणारी, किंवा जास्त काळ लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात बसवलेली. पोटाची चिरफाड न करता दुर्बिणीच्या साहाय्याने ही दुसरी नळी बसवण्याची पद्धत 1979 साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे लहान मुलासाठीच प्रथम वापरली गेली, आणि आज ती जगभर चालते. नळी म्हणजे शेवट जवळ आला असे घरच्यांना वाटते. वास्तविक नळीमुळे वजन वाढते, बळ येते आणि काही मुले पुढे तोंडाने खाऊ लागतात. मात्र नाकातील नळी जागेवर आहे ना, हे प्रत्येक वेळी रुग्णालयात शिकवल्याप्रमाणे तपासल्यावाचून एक थेंबही सोडू नये. मूल अर्धवट बसते ठेवावे, अन्न हळूहळू जाऊ द्यावे, शेवटी डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे पाणी सोडून नळी साफ करावी.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या नर्सचे काम, आमच्या घरच्या बायांना कसे जमणार? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1970 साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी काम सुरू केले. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती अशा खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. या कामासाठी दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची निगा शिकवली. तिथे बालमृत्यू कसे घटले याचा अहवाल 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि 2011 पासून हीच घरोघरच्या निगेची रीत देशभर आशाताईंच्या हाती आली. जे त्या स्त्रियांना जमले ते आपल्या घरात न जमण्याचे कारण नाही.

आणि येथे, विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम सुरू होते. आपल्या पुष्कळ घरांत दादी दखनी बोलते, डॉक्टर इंग्रजीत लिहितात, आणि मधले दुभाषी तुम्ही असता. एक वही करा. तारीख, वेळ, काय दिले, औषधाच्या मापाने मोजून किती दिले, किती मिनिटे लागली, खोकला आला का, उलटी झाली का, लघवी-शौच कशी. अंगणवाडीत जाऊन घेतलेले वजनही त्यात लिहा. डॉक्टरांना पाच मिनिटांत जे सांगायचे ते या वहीत असते. आपल्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर ही वही फार उपयोगी. मुक्काम बदलतो, डॉक्टर बदलतो, पण मुलाचा इतिहास बरोबर राहतो.

भरवण्याचे काम एकट्या आईवर टाकू नका. वडील, मोठी भावंडे, फुफी, खाला, निदान दोघांनी तरी ते शिकून घ्यावे. आईला एक सलग झोप मिळाली तर दुसऱ्या दिवशीचा घास शांतपणे भरवला जातो. सरकारी सोयीही मागून घ्याव्यात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळा तपासतात व पुढील उपचारांसाठी पाठवतात. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांसाठी निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. अर्ज भरायला हात लागतो, तो सुशिक्षित मुलांनी द्यावा. आपल्या संस्थेतील पदवीधरांनी असा एकेक अर्ज जरी भरून दिला तरी तालीम कारणी लागली असे म्हणता येईल.

नीट भरवूनही काही मुले फार चालणार-बोलणार नाहीत. हे सत्य मी लपवीत नाही. पण न गुदमरता, न दुखता खाल्लेला घास हा त्यांचाही हक्क आहे. तो त्यांना आपल्या घरात मिळावा आणि तो भरवणाऱ्या आईला टोमणे न मिळता सोबत मिळावी, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.