चक्रीवादळ आणि किनाऱ्यावरील वाडी



२०२० सालच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची जन्मकथा अवघ्या चार दिवसांची आहे. ३१ मे रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. तापलेल्या समुद्रावरील बाष्पयुक्त हवा वर चढते, तिचे ढग होताना उष्णता मोकळी होते, दाब आणखी उतरतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न येता गरगरत येते. हे वादळ प्रथम उत्तरेस सरकले, मग ईशान्येस वळून ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून गेले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता.

पूर्वसूचना वेळेवर मिळाल्याने हजारो माणसे सुरक्षित स्थळी हलविता आली. झाडे कोठे हलविणार? श्रीवर्धनची रोठा सुपारी उंच आणि सडपातळ, मुळे वरच्या थरात. माड कोसळले ते शेजारच्या पोफळींना घेऊनच. सावली गेली, आणि पोफळीच्या कोवळ्या रोपाला तर ऊन मुळीच सोसत नाही. म्हणून आधी केळी लावावयाची, मग रोप. फळ धरावयास त्यापुढेही कित्येक वर्षे.

आपली वाडी गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी मदतीचे माप तिला तोकडेच पडणार. झाडागणिक मदतीची मागणी रास्त होती आणि शासनाने ती पुढे मान्यही केली. ज्यांच्या वाडीत अद्याप जागा मोकळी आहे, त्यांनी रोठ्याचे बियाणे त्या वादळात उभ्या राहिलेल्या जुन्या, भरघोस पोफळींवरूनच निवडावे.