पदवी हातीं आल्यावर



बारामतीस १९६२ सालीं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें, आणि पदवीसाठीं पुण्यासच जावें असें राहिलें नाहीं. पदवीनंतर काय, हा प्रश्न मात्र आपलीं मुलें शेवटचा पेपर देऊन आल्यावर विचारतात.

इंदापुराकडील आपला एक तरुण असाच आला. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसूं काय, असें त्यानें विचारलें. “जरूर बैस, चिकाटी धर,” असें आम्हीं सांगितलें. मुदत सांगितली नाहीं. तो आमचा दोष. त्यानें पुण्यास खोली घेऊन पांच वर्षें काढलीं. उंसाचे पैसे तिकडे जात राहिले. राज्यसेवेस खुल्या वर्गांतूनही ३८ व्या वर्षापर्यंत बसतां येतें. मग थांबावें केव्हां? एके दिवशीं त्याच्या आईनें विचारलें, “फादर, आतां त्याला परत बोलावूं का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

हल्लीं आम्ही दोन, फार तर तीन प्रयत्न म्हणतों, आणि ती मुदत आईबापांसमक्ष ठरवावयास लावतों. शिवाय शेवटच्या वर्षींच हातास कांहीं काम लागावें. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरास इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात. बारामतीस औद्योगिक वसाहत आहे, कृषिविज्ञान केंद्र आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखालीं पदवीधरासही विद्यावेतनावर काम शिकतां येतें. हें पुष्कळांस ठाऊकच नसतें!

तो तरुण गेल्या वर्षीं परतला. सध्यां तो बारामतीस एका कारखान्याच्या हिशेबखात्यांत उमेदवारी करतो. आपल्या ज्युबिलीचा जमाखर्चही तोच लिहीत आहे. ज्यांची वर्गणी राहिली असेल त्यांनीं त्याच्याकडे द्यावी.