सांध्याची बैठक

(गुरुकुंज मोझरी येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



ज्या भूमीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभारला आणि श्रमाला प्रतिष्ठा दिली, तेथे आपल्या वडिलोपार्जित धंद्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. समाजोन्नतीवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही शेगडीपुढे बसणारे; म्हणून शेगडीचीच गोष्ट सांगतो. विषय लहान आहे : डाख देण्यापूर्वी दागिना कसा बसवावा व कशाने धरावा.

डाखाने सांधा जुळतो, असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः तो जुळतो बैठकीने. डाख त्यास केवळ कायम करतो. वितळलेला डाख अरुंद फटीत आपोआप ओढला जातो, रुंद फट मात्र त्यास भरता येत नाही. मग कारागीर डाखावर डाख घालीत सुटतो. डाख सोन्याच्या आधी वितळावा म्हणून त्यात चांदी-तांबे अधिक असते; तेव्हा जितका डाख जास्त, तितका सोन्याला बट्टा जास्त. आणि सोन्याचा बट्टा अखेर सोनाराच्या नावाला लागतो, हे आपणांस सांगणे नलगे.

आमच्या उमेदवारीच्या दिवसांत एका शेतकरी बाईने मंगळसूत्राची वाटी दुरुस्तीस आणली. तिला कडी जोडावयाची होती. कडी हलू नये म्हणून आम्ही ती लोखंडी तारेने करकचून आवळली आणि फुंकणी धरली. सांधा उत्तम जुळला. पण तार सोडून पाहतो तो वाटीच्या काठावर खोल वळ! तापल्यावर सोने लोखंडापेक्षा अधिक फुगते, शिवाय मऊ पडते. म्हणून तार त्यात रुतली होती. वडिलांनी आम्हांस बोल लावला नाही. त्यांनी रात्र जागून पदरच्या सोन्याने वाटी नवी घडविली, आणि घडला प्रकार सांगूनच ती बाईच्या हाती दिली. तो वळ आमच्या मनावर अजून आहे.

त्यानंतर त्यांनी जे शिकविले, ते येथे सांगतो. तार बारीक असावी. ती आधी तापवून काळी करावी, म्हणजे डाख तिला सहसा धरीत नाही. तिला एखादे नागमोडी वळण द्यावे, म्हणजे दागिना फुगताच वळण उलगडते. आम्लात टाकण्यापूर्वी तार काढावी, नाहीतर दागिन्यावर तांब्याची लाली चढते. अंगठीसाठी लाकडी कोळशात खाच कोरावी. कोळसा तिला धरतोही आणि उष्णता परतवितोही. जाड चिमटा सांध्याजवळ लावू नये, तो उष्णता ओढून घेतो. जवळच जुना सांधा असल्यास त्यावर गेरूचा लेप द्यावा. बारीक रवे बसवावयाचे तर उगाळलेली गुंज टाकणखारासह चिकटविण्यास उपयोगी पडते. आठ गुंजांचा मासा तोलणारी ती हीच गुंज. मात्र ती विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. अनेकांच्या शेगड्या विझल्या, आणि त्यांबरोबर हे हातचे ज्ञानही विझले. त्यानंतरचा १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पण गेलेले कारागीर परतले नाहीत. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत आहे. तयार दागिना आज यंत्रातून येतो. परंतु आजीची तुटलेली पोत घेऊन सूनबाई अजूनही आपल्याच दारी येते. तिला आपण काय उत्तर देणार आहोत?

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक जाणत्या कारागिराने आपल्या घरच्या वा शेजारच्या एका मुलास किंवा मुलीस शेगडीपुढे बसवावे. आधार कसा द्यावा, हे त्या तारेपासूनच शिकावे : सांधा जुळेपर्यंत घट्ट धरावे, पण वाढीस जागा ठेवावी, आणि काम होताच, मागे वळ न ठेवता, दूर व्हावे.