दत्तक नामंजूर, कापूस मंजूर!



गावाकडे कुणाला मूलबाळ नसलं की भाऊबंदातलं एखादं पोर मांडीवर घेतात. चार पंच बसतात, गूळ वाटतात, आणि त्या दिवसापासून ते पोर त्या घरचं. शेत त्याचं, पिंडही त्यानंच द्यायचा. गरिबाची रीत तीच राजाची.

१८४८ साली लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला. तो म्हणाला, दत्तक घरच्या जिंदगीपुरता खरा, गादीला आमची परवानगी पाहिजे. ती नाही मिळाली तर राज्य कंपनी सरकारचं!

पहिला घाव साताऱ्यावर. ५ एप्रिल १८४८ ला शहाजी महाराज वारले. मरायच्या आधी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात कंपनीनेच लिहून दिलेलं, की हे राज्य छत्रपतींचं आणि त्यांच्या वारसांचं कायमचं. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क गोराच, पण तोसुद्धा म्हणाला, तह पाळा. कोण ऐकतो? १८४९ मध्ये लंडनहून मंजुरी आली. साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते त्या लंडनात वर्षानुवर्षे दाद मागत बसले होते. १८५३ साली रिकाम्या हाताने परतले.

मग १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. नागपूरचं नीट ऐका, ते आपल्या साच्यापर्यंत येतं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये दत्तक न घेताच वारले. राजघराण्यातल्या बायकांनी मागून मुलगा पुढे केला, तो मानला नाही. डलहौसीने लांबलचक टिपण लिहिलं. त्यात रयतेचं कल्याण आहे, आणि कापूसही आहे! इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पाहिजे, नागपूरचा मुलूख हातात आला तर तो मिळायची सोय होईल, असं साहेबाने स्वतःच्या हाताने लिहिलंय. वऱ्हाड तर आदल्याच वर्षी निजामाकडून कर्जापोटी घेतला होता. १८६७ ला आगगाडी नागपूरला पोचली. गाठी निघाल्या बंदराकडे, आणि विलायती कापड आलं आपल्याच कोष्ट्यांच्या पोटावर.

राजेरजवाड्यांसाठी गळा काढायला मी उभा नाही. त्यांच्या राज्यातही रयतेचा सारा काही चुकला नव्हता. पण मेलेल्याच्या घरात शिरून वारसाचा कागद फाडायचा आणि त्याला कायदा म्हणायचं, हे कसं?

भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. जवाहीर कलकत्त्याला विकायला धाडलं. वाड्यातलं सामान काढायची गोष्ट निघाली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाई म्हणाल्या, सामानाला हात लावाल तर वाड्यालाच आग लावीन!